सात गोल खाल्लेला संघ विजेता ठरतो, तेव्हा हंगामपूर्व सामन्यांतून नेमके काय वाचावे?

कोपरा_किक (धागाकर्ता)

२६ जुलै २०१९ रोजी न्यू जर्सीतील मेटलाइफ स्टेडियमवर हंगामपूर्व फुटबॉल सामन्यात ॲटलेटिको माद्रिदने आपल्याच शहरातील रेयाल माद्रिदला ७-३ असे हरवले. आपल्याकडे तेव्हा शनिवारची पहाट होती. पहिल्याच मिनिटाला दिएगो कोस्टाने गोल केला, आठव्या मिनिटाला जाओ फेलिक्सने दुसरा केला आणि मध्यंतराला गोलफलकावर ५-० असा आकडा होता. त्यांपैकी तीन गोल एकट्या कोस्टाचे होते. उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच त्याने चौथा केला, पुढे कार्वाहालशी झालेल्या झटापटीत दोघांनाही लाल कार्ड मिळाले, व्हितोलोने ॲटलेटिकोचा सातवा गोल केला आणि रेयालकडून नाचो, पेनल्टीवर बेन्झेमा आणि अगदी शेवटी हावी हर्नांदेझ या तरुण खेळाडूने केलेल्या गोलांमुळे पराभवाचे अंतर थोडे कमी दिसले.

त्यानंतर काय झाले हे आता सर्वांना ठाऊक आहे. त्याच हंगामात रेयालने ८७ गुण मिळवून ला लीगा, म्हणजे स्पेनची सर्वोच्च लीग, जिंकली. ३८ सामन्यांत या संघाने केवळ २५ गोल स्वीकारले आणि संपूर्ण स्पर्धेत कोणाचीही बचावफळी इतकी भक्कम नव्हती. सात गोल करणारा ॲटलेटिको ७० गुणांसह तिसऱ्या क्रमांकावर राहिला.

या दोन वस्तुस्थिती शेजारीशेजारी ठेवून बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात की हंगामपूर्व सामने निरर्थक असतात, त्यामुळे त्यांतील पराभव मनावर घेऊ नये. मला हा निष्कर्ष आळशी वाटतो. माझे म्हणणे असे आहे की त्या सामन्याचा निकाल खोटा होता, पण त्यात दिसलेला दोष खरा होता, आणि तो दोष दूर झाला म्हणूनच पुढचा हंगाम तसा गेला. त्या रात्री मधल्या फळीत क्रूस, मॉड्रिच आणि इस्को होते. चेंडू पायात असताना या तिघांपेक्षा देखणी मधली फळी सापडणे कठीण आहे. चेंडू हातचा गेल्यावर मात्र बचावफळीच्या पुढ्यातील मोकळी जागा भरून काढणारा त्यांच्यात एकही नव्हता, कारण ते काम करणारा कासेमिरो ब्राझीलकडून कोपा अमेरिका ही दक्षिण अमेरिकी देशांची स्पर्धा जिंकून सुटीवर गेलेला होता. डावीकडून मार्सेलो सवयीप्रमाणे वर चढत होता आणि त्याच्या पाठीमागची जागा ॲटलेटिकोसाठी खुली राहत होती.

आदल्या, म्हणजे २०१८-१९ च्या हंगामात रेयालने लीगमध्ये ४६ गोल स्वीकारले होते आणि १२ सामने गमावले होते. म्हणजे न्यू जर्सीत जे दिसले ते आकाशातून पडलेले नव्हते. ते वर्षभर साचत आलेले होते आणि त्या रात्री ते एकदम उघड्यावर आले. जाणकारांची मते वाचायला आवडतील.

सहावा_मजला

धागा उत्तम आहे, परंतु तुम्ही फार मोठी इमारत फार लहान पायावर उभी करत आहात असे मला वाटते.

हंगामपूर्व काळात मोठे संघ सामन्यांसाठी तयारी करत नसतात. ते सामने हेच त्यांच्या तयारीचा एक भाग असतात. सकाळी जड व्यायाम, दुपारी चेंडूसह सराव आणि दोन दिवसांनी हजारो प्रेक्षकांसमोर सामना, असे ते वेळापत्रक असते. पायांत तो शीण मुद्दाम भरलेला असतो, कारण ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापासून पुढच्या मे महिन्यापर्यंत पुरेल इतकी शारीरिक क्षमता त्याच पाच-सहा आठवड्यांत उभी करायची असते. त्या उन्हाळ्यात रेयालचे शारीरिक प्रशिक्षकही बदलले होते. अँतोनियो पिंतुस इंटर मिलानला गेले होते आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाकडून ग्रेगरी द्युपाँ आले होते. कामाची पद्धत बदलली की खेळाडूंच्या शरीराला ती अंगवळणी पडायला वेळ लागतो.

शिवाय संघाची मनःस्थिती पाहा. माँट्रिऑलच्या शिबिरातून प्रशिक्षक झिदानना भावाच्या निधनामुळे मधूनच निघून जावे लागले होते. गॅरेथ बेल संघात राहणार की जाणार, यावर रोज नवी बातमी येत होती. एडन हॅझार्ड सुटीत वजन वाढवून आला होता आणि हे त्याने नंतर स्वतःच मान्य केले. अशा संघाने एका रात्री सात गोल खाल्ले, यातून डावपेचांचा धडा शोधणे मला पटत नाही. कासेमिरो परतल्यावर ती जागा आपोआप भरली असती, झिदानना काही उमगले असते किंवा नसते तरीही.

एडिसनकर

मी त्या सामन्याला हजर होतो, म्हणून दोन शब्द लिहितो.

टीव्हीवर कॅमेरा चेंडूच्या मागे फिरतो, त्यामुळे चेंडूपासून दूर काय चालले आहे ते दिसत नाही. मी गोलच्या मागच्या बाजूला, बऱ्याच उंचीवर बसलो होतो आणि तिथून संपूर्ण मैदान नकाशासारखे दिसत होते. रेयालची आघाडीफळी पुढे जाऊन दाब देण्याचा प्रयत्न करत होती, पण तिच्यामागून मधली फळी वर सरकत नव्हती आणि बचावफळी तर स्वतःच्या अर्ध्यातच खोल राहिली होती. या तीन फळ्यांमध्ये इतके अंतर पडत होते की ॲटलेटिकोला चेंडू जिंकल्यावर एक साधा पास पुरेसा ठरत होता. फेलिक्स नेमका त्याच पोकळीत उभा राहत असे. तो तेव्हा १९ वर्षांचा होता, १२.६ कोटी युरो मोजून बेनफिकाकडून नुकताच आणलेला. त्याने स्वतः गोल केलाच, पण इतर गोलांतही त्याचा हात होता.

थकव्याचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु त्याने अर्धेच स्पष्टीकरण मिळते. थकलेला संघ हळू धावतो. हा संघ तीन तुकड्यांत विभागून खेळत होता, आणि ताजेतवाने पाय असते तरी त्या तुकड्यांमधले अंतर कमी झाले असते असे मला वाटत नाही.

एक जाता जाता. मैदानात पांढऱ्या अंगरख्यांची गर्दी होती आणि मध्यंतरानंतर तीच मंडळी ॲटलेटिकोच्या पासांना टाळ्या वाजवत होती. तिकिटाचे पैसे असे ना तसे वसूल करायचेच, हा विचार सर्व देशांतील प्रेक्षकांत सारखाच आढळतो.

लालपट्टा

मी ॲटलेटिकोचा पाठीराखा आहे, त्यामुळे त्या पहाटेचा आनंद मी पुरेपूर उपभोगला हे आधीच सांगून टाकतो. आता थंड डोक्याने काही गोष्टी मांडतो.

आमचा संघ जुलैमध्ये इतका चपळ का दिसतो, याचे उत्तर सेगोव्हिया प्रांतातील लोस आन्हेलेस दे सान राफाएल या ठिकाणी आहे. तिथे आमचे शारीरिक प्रशिक्षक ऑस्कर ओर्तेगा, ज्यांना सर्व जण ‘प्रोफे’ म्हणतात, ते दरवर्षी खेळाडूंना टेकड्यांवर आणि मैदानाच्या उतारावर अक्षरशः ओकारी येईपर्यंत पळवत असत. त्या शिबिरातून बाहेर पडलेला संघ पहिल्या मैत्रीपूर्ण सामन्यापासूनच युद्धावर निघाल्यासारखा खेळतो. प्रशिक्षक सिमिओनींच्या संघाला मैत्रीपूर्ण सामना ही कल्पनाच मुळात पटत नसावी, त्यात समोर रेयाल असेल तर बोलायलाच नको. सरावाच्या सामन्यात कोस्टाला लाल कार्ड मिळाले, यावरूनच दोन्ही बाजूंची मनोवृत्ती पुरेशी स्पष्ट होते.

शिवाय त्या उन्हाळ्यात आमच्याकडे प्रत्येकाला काहीतरी सिद्ध करायचे होते. ग्रीझमान बार्सिलोनाला गेला होता, गोदिन इंटरला, लुकास हर्नांदेझ बायर्नला, रोद्री मँचेस्टर सिटीला. हुआनफ्रान आणि फिलिपे लुईस हेही निघून गेले होते. जवळजवळ अर्धा संघ नवा होता. नव्या खेळाडूला संघातील जागा जुलैमध्येच पटकावायची असते. चॅम्पियन्स लीग या युरोपातील सर्वोच्च क्लब स्पर्धेची चार विजेतेपदे घरी असलेल्या मॉड्रिचला जुलैमध्ये कोणाला काय दाखवायचे असणार?

आणि आता या धाग्यातील सर्वांत कडू आकडा मीच देतो. कोस्टाने त्या एका रात्री चार गोल केले. पुढच्या संपूर्ण लीगमध्ये त्याने पाच केले. आम्ही ३८ पैकी १६ सामने बरोबरीत सोडवले. न्यू जर्सीत जो संघ दर दहा मिनिटांनी गोल करत होता, त्याला सप्टेंबरमध्ये घरच्या मैदानावर सेल्टा व्हिगोविरुद्ध एकही गोल करता आला नाही. त्यामुळे कोपरा_किक, तुमचा सिद्धांत आम्हालाही लावून पाहा. त्या रात्री आमच्यात कोणता खरा गुण दिसला होता? मला तर तो पुढे दहा महिने शोधूनही सापडला नाही.

कोपरा_किक

लालपट्टा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्यावर मी विचार केला.

माझ्या मते हंगामपूर्व सामन्यातून दोष जितका विश्वासाने वाचता येतो, तितका गुण वाचता येत नाही. गुण दिसण्यासाठी समोरच्या संघाचा प्रतिकार खरा असावा लागतो. त्या रात्री ॲटलेटिकोला जी मोकळी जागा मिळाली ती लीगमध्ये त्यांना कोणीही देणार नव्हते, कारण लीगमधील बहुतेक संघ त्यांच्याविरुद्ध स्वतःच्या गोलसमोर दहा जण उभे करतात. वेगाने प्रतिहल्ला करणे हे तुमच्या संघाला आधीपासून येत होते. दाटीवाटीच्या बचावातून वाट काढणे ही त्यांची जुनी अडचण होती आणि न्यू जर्सीत तिची परीक्षाच झाली नाही.

दोषाचे तसे नसते. समोरचा संघ अर्ध्या ताकदीने खेळत असला तरी दोन फळ्यांमध्ये पंचवीस मीटरचे अंतर पडत असेल तर ते पडतेच.

सहावा_मजला यांच्या ‘कासेमिरो परतला की सगळे आपोआप’ या मुद्द्यावर मात्र मी सहमत नाही. १८ सप्टेंबर २०१९ रोजी पॅरिसमध्ये कासेमिरो मैदानात होता. त्याच्या जोडीला क्रूस आणि हामेस होते. पॅरिस सेंट जर्मेनकडे नेमार, एम्बाप्पे आणि कव्हानी हे तिघेही नव्हते. तरीसुद्धा रेयालने तो चॅम्पियन्स लीगचा सामना ०-३ असा गमावला आणि दी मारियाने त्यात दोन गोल केले.

बचावफळी

पॅरिसचा उल्लेख केलात हे बरे झाले, कारण खरा बदल त्यानंतर घडला आणि त्याचे श्रेय जुलैला देणे मला ताणलेले वाटते.

क्रम असा आहे. सात गोलांनंतर झिदान यांनी सामन्याच्या संध्याकाळी जे सांगितले त्याचा आशय इतकाच होता की प्रतिस्पर्धी सर्व बाबतींत सरस होते, पण हा सरावाचा काळ आहे आणि त्याचा फार बाऊ करू नये. म्युनिकमध्ये टॉटनहॅमकडून ०-१ असा पराभव झाला, दुसऱ्या दिवशी फेनेरबाहचेविरुद्ध ५-३ असा विजय मिळाला. म्हणजे जिंकतानाही तीन गोल खाल्लेच. ऑगस्टमध्ये साल्झबर्गविरुद्ध त्यांनी तीन मध्यबचावपटू खेळवून पाहिले आणि सामना १-० असा जिंकला. जुलैच्या जखमेवर शोधलेला उपाय म्हणायचा तर तो हा होता. तो टिकला नाही. लीग सुरू झाली तेव्हा चौघांची बचावफळी परत आली. सेल्टाविरुद्ध ३-१ असा विजय मिळाला, पण त्यानंतर वायादोलिदशी १-१ आणि व्हियारेआलशी २-२ अशा बरोबऱ्या झाल्या. मग पॅरिस.

पॅरिसमध्येही एक गोष्ट विसरू नये. रामोस आणि नाचो निलंबित होते, मॉड्रिच आणि मार्सेलो जायबंदी होते. तेव्हा त्या पराभवाचेही सरळ वाचन करता येत नाही.

बदल दिसला तो चार दिवसांनी सेव्हियाच्या मैदानावर. तो सामना रेयालने बेन्झेमाच्या एका हेडरवर १-० असा जिंकला, आणि त्यातील गोलापेक्षा चेंडूमागे सर्व अकरा जण ज्या शिस्तीने उभे राहिले ती अधिक लक्षात राहिली. पुढच्या शनिवारी, २८ सप्टेंबरला, ॲटलेटिकोच्या मैदानावर डर्बी, म्हणजे एकाच शहरातील या दोन संघांची लढत, ०-० अशी संपली. त्या डर्बीतील मधली फळी पाहा: कासेमिरो, क्रूस आणि व्हाल्व्हर्डे. जुलैमध्ये सात गोल करणाऱ्या संघाला दोन महिन्यांनी स्वतःच्या प्रेक्षकांसमोर एकही गोल करता आला नाही आणि फरक कुठे पडला ते या तीन नावांत दिसते. फेडेरिको व्हाल्व्हर्डे जुलैच्या त्या सामन्यात नव्हता, कारण तोही उरुग्वेकडून कोपा अमेरिका खेळून उशिरा परतणार होता. तो हंगाम सुरू होताना राखीव खेळाडू मानला जात होता.

पहाटवारा

सर्वांचे मुद्दे वाचले. मला वाटते की एक वेगळीच गोष्ट नजरेआड होत आहे.

त्या दौऱ्यातील खरी हानी सात गोलांची नव्हतीच. ती तीन दिवस आधी, २३ जुलैला, वॉशिंग्टनजवळ आर्सेनलविरुद्धच्या सामन्यात झाली. रेयाल ०-२ असे मागे होते, बेलने एक आणि मार्को असेन्सियोने दुसरा गोल करून बरोबरी साधली आणि त्यानंतर थोड्याच वेळात असेन्सियोच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. सामना पेनल्टींवर जिंकला गेला. गोलफलकाच्या दृष्टीने ती रात्र यशस्वी होती. त्या यशस्वी रात्रीची किंमत अशी की २३ वर्षांचा एक गुणी खेळाडू जवळजवळ अकरा महिने मैदानाबाहेर राहिला. महासाथीमुळे लीग थांबली नसती तर तो त्या हंगामात खेळूच शकला नसता. जून २०२० मध्ये व्हॅलेन्सियाविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून उतरला आणि पहिल्याच स्पर्शात त्याने गोल केला, हा सुखद भाग झाला.

म्हणून मला दौऱ्यांबद्दलच प्रश्न विचारावासा वाटतो. सहावा_मजला यांनी वर्णन केलेला जड सराव आणि त्याच्या मध्येमध्ये ह्यूस्टन, वॉशिंग्टन, न्यू जर्सी अशी विमानयात्रा, हे गणित खेळाडूंच्या शरीरासाठी मांडलेले नाही. ते प्रक्षेपणाच्या हक्कांसाठी आणि अंगरख्यांच्या विक्रीसाठी मांडलेले असते. असेन्सियोची दुखापत प्रवासामुळेच झाली असे मी म्हणत नाही. अशी दुखापत कुठेही होऊ शकते. पण प्रशिक्षकाला जुलैमध्ये हवे असलेले आठवडे आणि क्लबच्या व्यापारी विभागाला हवे असलेले आठवडे एकच असतात, आणि त्यात कोणाचे म्हणणे चालते हे दरवर्षीच्या वेळापत्रकावरून दिसते. पराभवावर आपण पाने भरून लिहितो, वेळापत्रकावर कोणी ओळही लिहीत नाही.

उत्तरार्ध

मी मँचेस्टर युनायटेडचा पाठीराखा आहे, त्यामुळे या विषयावर बोलण्याचा अधिकार मला दोन्ही बाजूंनी आहे.

२०१४ चा उन्हाळा आठवा. लुई व्हान गाल नुकतेच प्रशिक्षक म्हणून आले होते. लॉस एंजेलिस गॅलेक्सीवर ७-० असा विजय, ॲन आर्बरमध्ये एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर रेयालवर ३-१, मायामीत लिव्हरपूलवर ३-१. आम्ही एकही सामना हरलो नाही. तीन बचावपटूंची नवी रचना पाहून सर्वत्र कौतुक चालले होते. १६ ऑगस्टला लीगच्या पहिल्याच सामन्यात स्वॉन्सीने आम्हाला आमच्याच ओल्ड ट्रॅफर्डवर २-१ असे हरवले आणि दहा दिवसांनी तिसऱ्या श्रेणीतील मिल्टन कीन्स डॉन्सने लीग कपमध्ये ४-० अशी धूळ चारली. त्या जुलैत दिसलेला एकही गुण ऑगस्टमध्ये शिल्लक नव्हता. येथे कोपरा_किक यांचे म्हणणे, की गुण वाचता येत नाहीत, मला शब्दशः पटते.

आता २०१८. तेच ॲन आर्बर, तेच प्रचंड मैदान, समोर लिव्हरपूल, निकाल १-४. झेरदान शकिरीने मारलेली ओव्हरहेड किक अजूनही डोळ्यांसमोर आहे. विश्वचषकामुळे आमचे अर्धे खेळाडू आलेले नव्हते आणि प्रशिक्षक मोरिन्यो यांनी तर सामन्यानंतर असे सुचवले की आपण प्रेक्षक असतो तर हा सामना पाहायला पैसे खर्च केले नसते. तेव्हा आम्ही सर्वांनी हेच म्हटले की खेळाडू नाहीत, सरावाचा काळ आहे, सोडून द्या. पण त्या दौऱ्यात जे दिसत होते ते वेगळेच होते. प्रशिक्षक संघावर, क्लबवर आणि खेळाडूंच्या खरेदीवर उघडपणे नाराज होते. लीगमध्ये दुसऱ्याच सामन्यात ब्रायटनकडून २-३, मग घरी टॉटनहॅमकडून ०-३. १६ डिसेंबरला लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर १-३ असा पराभव झाला, त्यात दोन गोल पुन्हा शकिरीचेच होते, आणि दोन दिवसांनी मोरिन्यो यांची हकालपट्टी झाली.

त्यामुळे मी आता हंगामपूर्व सामन्यात गोल मोजत नाही. बाकावरच्या माणसाकडे पाहतो. झिदान सात गोल खाऊनही शांत होते. मोरिन्यो चार गोलांच्या आधीपासूनच अस्वस्थ होते.

सहावा_मजला

उत्तरार्ध, तुमचे २०१८ चे उदाहरण प्रभावी आहे, परंतु त्याच तराजूत लिव्हरपूलचा २०१९ चा उन्हाळा ठेवा. साउथ बेंडमध्ये डॉर्टमुंडकडून २-३, बॉस्टनमध्ये सेव्हियाकडून १-२, न्यूयॉर्कमध्ये स्पोर्टिंगशी २-२ आणि एडिनबरामध्ये नापोलीकडून ०-३. सलाह, माने, फिर्मिनो हे तिघेही आपापल्या खंडांच्या स्पर्धांमुळे बराच काळ संघाबाहेर होते. त्या संघाने पुढे ९९ गुणांनी लीग जिंकली. तिथे कोणता दोष दिसला आणि तो कोणी दुरुस्त केला? काहीही नाही. मुख्य खेळाडू परत आले, एवढेच. एखाद्या पराभवातून धडा मिळाला हे आपण नेहमी नंतरचा निकाल पाहून ठरवतो. रेयाल तो हंगाम चौथ्या क्रमांकावर संपवते, तर हाच धागा ‘सात गोलांतच सगळे दिसले होते’ या मथळ्याने निघाला असता.

कोपरा_किक

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि मी तो टाळणार नाही. लिव्हरपूलच्या बाबतीत तुम्ही म्हणता तसेच घडले असावे. पण म्हणूनच मी आदल्या वर्षाचा ४६ गोलांचा आकडा सुरुवातीलाच दिला होता. लिव्हरपूल नुकतेच युरोपचे विजेते झाले होते आणि आदल्या लीगमध्ये त्यांनी ९७ गुण मिळवले होते. त्यांचा जुलै त्यांच्या मागच्या वर्षाशी विसंगत होता. रेयालचा जुलै मागच्या वर्षाशी तंतोतंत जुळत होता. माझी कसोटी तीच आहे: हंगामपूर्व पराभव मागच्या हंगामाची ओळख सांगत असेल तर घाबरावे, नसेल तर झोपायला जावे.

उपाय पॅरिसनंतर झाला हे बचावफळी यांचे म्हणणे मी मान्य करतो. पण जानेवारी २०२० पर्यंत तो उपाय कुठवर गेला ते पाहा. जेद्दाहमध्ये स्पॅनिश सुपर कपसाठी बेन्झेमा आणि हॅझार्ड दोघेही उपलब्ध नव्हते, तेव्हा झिदान यांनी कासेमिरो, व्हाल्व्हर्डे, क्रूस, मॉड्रिच आणि इस्को असे पाच मध्यरक्षक एकदम उतरवले. म्हणजे न्यू जर्सीतील तेच तिघे होते, पण त्यांच्या भोवती पळणारे दोघे वाढवले होते. अंतिम सामन्यात समोर ॲटलेटिकोच होते आणि १२० मिनिटांत त्यांना एकही गोल मिळाला नाही. अखेरीस मोराटा एकटाच गोलकडे निघाला असताना व्हाल्व्हर्डेने त्याला मागून पाडले, लाल कार्ड घेतले आणि तरीही सामनावीर ठरला. पेनल्टींवर रेयाल ४-१ असे जिंकले.

लालपट्टा

त्या लाल कार्डाची आठवण काढायला हवीच होती का? नियमानुसार शिक्षा झाली हे खरे, पण तो गोल वाचवण्यासाठी मोजलेली किंमत फारच स्वस्त होती, असे मी मरेपर्यंत म्हणत राहीन.

१ फेब्रुवारीला रेयालच्या बर्नाबेऊ मैदानावर बेन्झेमाच्या गोलाने आम्ही ०-१ हरलो तेही नोंदवून ठेवा. म्हणजे जुलैनंतर त्या हंगामात तीन डर्बी झाल्या आणि पाच तासांच्या आसपास त्याच रेयालविरुद्ध खेळून आम्ही एकही गोल केला नाही.

एडिसनकर

बचावाबद्दल पुष्कळ झाले. मला आठवते त्यानुसार त्या रात्री स्टेडियममधून बाहेर पडताना रेयालचे पाठीराखे बचावावर चिडलेले होते, पण आघाडीबद्दल कोणी बोलत नव्हते. तीन गोल झाले होते, हॅझार्डसारखा दहा कोटी युरोंचा खेळाडू आला होता, लुका योविचवर सहा कोटी खर्च झाले होते. गोलांची काळजी कोणाला असणार?

बचावफळी

एडिसनकर, हा मुद्दा या धाग्यात फार आधी यायला हवा होता. त्या रात्रीने बचावाचा दोष दाखवला हे मान्य केले, तरी आघाडीचा दोष तिने पूर्णपणे झाकला. योविचने त्या हंगामात लीगमध्ये दोन गोल केले आणि हॅझार्डने एक. क्रिस्तियानो रोनाल्डो गेल्याला एक वर्ष होऊन गेले होते आणि त्याची जागा या दोघांपैकी कोणीही भरली नाही. बेन्झेमाने २१ गोल केले, आणि त्याच्या खालोखाल लीगमध्ये सर्वाधिक गोल कोणाचे, तर ११ गोलांसह सर्जिओ रामोसचे. तो मध्यबचावपटू होता आणि त्यांतले बरेच गोल पेनल्टीवरचे होते. टाळेबंदीनंतर रेयालने सलग दहा सामने जिंकून १६ जुलै २०२० रोजी विजेतेपद निश्चित केले, पण त्या दहापैकी अनेक विजय १-० किंवा २-१ असे, जेमतेम पदरात पडलेले होते.

जुलैमध्ये सात गोल खाल्लेला हा संघ लीगमध्ये तीनदा हरला: मायोर्काकडून ०-१, लेव्हान्तेकडून ०-१ आणि बेतिसकडून १-२. या तिन्ही पराभवांत मिळून त्यांनी केलेला एकमेव गोल पेनल्टीवरचा होता.